दुरुस्ती म्हणून लिहा

काकू ज्या घरात भाड्याने राहत होती ते घर तिच्या दिराचं होतं. एके काळी त्यातलं अर्धं तिच्या नवऱ्याचं होतं. तो अंथरुणाला खिळला, औषधपाण्याला पैसा पुरेना, तेव्हा धाकट्या भावाने त्याचा हिस्सा विकत घेतला आणि वर म्हणाला, वहिनी, तुम्ही कुठे जाणार, खालच्या तीन खोल्यांत राहा. नवरा गेला, काकू राहिली. गेली बावीस वर्षं ती दर महिन्याच्या एक तारखेला दिराच्या हातात भाड्याचा चेक ठेवत होती आणि दीर दर वेळी "घाई काय होती, वहिनी" असं म्हणून तो खिशात घालत होता.

भाडं मात्र बाजारभावाने होतं. ती पुतणीची करामत. दिराची ही एकुलती एक मुलगी करसल्लागार होती. नातेवाइकाला स्वस्तात जागा दिली की कर खातं तिला भाड्याची जागा मानत नाही, घरगुती सोय मानतं, आणि मग त्या जागेवरचा कुठलाच खर्च उत्पन्नातून वजा होत नाही, हे तिने वडिलांना फार पूर्वीच पटवून दिलं होतं. काकू लोकांचे पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवून ते भाडं भरायची. अडुसष्टाव्या वर्षीही तिच्या मशीनचा आवाज सकाळी आठाला सुरू व्हायचा.

पुतणीवर तिचा राग नव्हता. उलट जीव होता. पुतणी चार वर्षांची असताना तिची आई लांबलेल्या आजारपणाने झोपून राहिली, ती तीन वर्षं. त्या तीन वर्षांत मुलीला न्हाऊमाखू घालणं, वेणी घालणं, पाढे घोकून घेणं सगळं काकूने केलं. स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे लाड करताना हात आखडला नाही. दोन पदव्या आणि स्वतःचं ऑफिस असलेल्या त्रेचाळीस वर्षांच्या बाईला छकुली म्हणून हाक मारणारी ती एकटीच.

खोल्यांची दशा वाईट होती. न्हाणीघराची भिंत ओल धरून फुगली होती. खिडक्यांच्या चौकटी कुजल्या होत्या, एक तर काकूने पडद्याच्या दोरीने बांधून ठेवली होती. स्वयंपाकघरातला दिवा लावला की मधल्या खोलीतला मंदावायचा. काकू दिराला सांगायची, दीर "बघू" म्हणायचा, आणि सहा वर्षं ते भिजत घोंगडं तसंच पडलं होतं.

त्या वर्षी दिराने आपलं गोदाम विकलं. नफा इतका झाला की त्यावरचा कर ऐकून त्याची झोप उडाली. त्याच सुमारास एका दातांच्या डॉक्टरने तळमजल्याबद्दल विचारणा केली. जागा नवी करून मिळाली तर तो काकूच्या तिप्पट भाडं द्यायला तयार होता. दीर मुलीच्या ऑफिसात गेला. ऑफिस म्हणजे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची दीड खोली. त्यात फाइलींची तीन कपाटं आणि अशिलांसाठी दोन खुर्च्या. त्यातलं सर्वांत मोठं अशील तिचा बापच होता आणि तो ते तिला विसरू द्यायचा नाही. वहिनीला काहीतरी सांगून बाहेर काढायचं, जागा फोडून नवी करायची आणि डॉक्टरला द्यायची, असा त्याचा बेत होता.

मुलीने ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"रिकामी करून नवी केलीत तर ती सुधारणा," ती म्हणाली. "सुधारणेचा खर्च जागेच्या किमतीत मिळवतात. तो तुम्हाला दरवर्षी चिमूट चिमूट वजा मिळणार, तीस वर्षं. तुम्ही एकाहत्तरचे आहात, बाबा."

"आणि दुरुस्ती?"

"दुरुस्ती सगळीच्या सगळी यंदा वजा. गोदामाच्या नफ्यातला मोठा घास तीच खाईल. पण त्यासाठी जागेत भाडेकरू राहत असायला हवा. माणूस राहतोय, वस्तू मोडतात, मालक त्या होत्या तशा करून देतो, तर ती दुरुस्ती."

हिशेबात तो कधीच कच्चा नव्हता.

"म्हणजे वहिनी हवी."

"काम संपेपर्यंत," मुलगी म्हणाली. "आणि फाइल बंद होईपर्यंत. मग भाडं वाढवा, ती आपणच जाईल."

असा विचार तिच्या तोंडून इतक्या सरळ बाहेर पडला याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. पण वडील पहिल्यांदाच तिच्याकडे कौतुकाने बघत होते. असं त्यांनी तिच्याकडे तिच्या दोन्ही पदव्यांच्या वेळीही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दीर काकूकडे गेला, तिच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाला की आता सगळं नीट करून टाकू, खिडक्या, न्हाणीघर, वायरिंग, सगळं. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदराला पुसलं आणि शेजारणीला सांगायला गेली की घरचं नातं शेवटी जागं होतंच.

काम पाच महिने चाललं. काकू आत राहत होती आणि काम तिच्या भोवतीने चाललं होतं. पलंग, कपाट आणि मशीन या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. कापडावर धूळ बसते म्हणून गिऱ्हाइकं तुटली. न्हाणीघर फोडल्यावर सहा आठवडे ती बादली घेऊन वरच्या मजल्यावर दिराकडे जायची. दिराने वेळ ठरवून दिली होती, साडेसहा ते पावणेसात. खिडक्या काढल्या ते ऐन थंडीत. नऊ दिवस नुसती प्लास्टिकची कापडं फडफडत होती आणि काकू दोन स्वेटर घालून, वर शाल घेऊन शिवत होती.

गवंडी भला माणूस होता. काकू त्याला चहा द्यायची, तो तिचं सामान न सांगता हलवायचा. त्याने पहिलं बिल दिलं त्यात लिहिलं होतं, नवीन खिडक्या चार. पुतणीने ते परत केलं आणि सांगितलं, खिडक्यांची दुरुस्ती असं लिहा. गवंडी म्हणाला, जुन्या खिडक्या भंगारात गेल्या, दुरुस्त कशाच्या केल्या? पण बिल त्याने बदलून दिलं. नवीन न्हाणीघराचं झालं गळती दुरुस्ती. नवीन वायरिंगचं झालं सदोष वायरींची दुरुस्ती. शेवटी स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यातली भिंत पाडून एक मोठी खोली केली, डॉक्टरला तशी हवी होती. त्या बिलाला मात्र गवंडी अडला.

"पाडलेली भिंत दुरुस्त कशी करतात ते एकदा दाखवा, ताई. चाळीस वर्षं झाली धंद्यात, मला अजून जमलेलं नाही."

पुतणीने त्याला लिहायला लावलं, भिंतींचा गिलावा दुरुस्ती. गिलावा कुठे केला हे कोण बघतो.

याच काळात काकूची थोरली बहीण शेवटच्या आजारात होती. चार तासांच्या प्रवासावर राहायची. निरोप आला की ती सारखी नाव घेते आहे, येऊन पंधरा दिवस राहा. काकूने पिशवी भरली आणि पुतणीला फोन केला. पुतणीने सांगितलं की आत्ता नको. विजेचं मीटर, पाण्याचं बिल, सगळ्यात तू इथे राहतेस हे दिसायला हवं; जागा रिकामी दिसली तर खर्च मंजूर व्हायचा नाही आणि काम अर्ध्यावर थांबेल. मग बसशील खिडक्यांशिवाय. काम संपलं की महिनाभर जा, मी स्वतः गाडीने सोडते. काकूने पिशवी रिकामी केली. दहाव्या दिवशी बहीण गेली. काकू सकाळच्या बसने गेली, बहिणीच्या पायांवर डोकं टेकलं आणि संध्याकाळच्या बसने परत आली. घरात पाऊल ठेवते तोच फोन वाजला. पुतणी विचारत होती, पोचलीस ना? काकूला वाटलं, पोरीला काळजी.

पुतणीलाही त्या दिवशी वाईट वाटलं होतं. तिने फोन ठेवला, दोन मिनिटं नुसती बसली, आणि मग खिडक्यांची बिलं न्हाणीघराच्या बिलांपासून वेगळी लावायला घेतली.

विवरणपत्र भरून चार महिने झाले आणि कर खात्याचं पत्र आलं. एका वर्षात एवढी दुरुस्ती कशी, निरीक्षक येऊन जागा बघतील. दीर घाबरला. पुतणी घाबरली नाही. तिने काकूच्या नावाने एक निवेदन तयार केलं: मी या जागेत अखंड राहत आहे, जागेत नवीन काहीही बांधलेलं नाही, मोडकं होतं ते पूर्वीसारखं करून दिलं, खोल्यांची रचना बदललेली नाही. काकूने चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"भिंत तर गेली गं," ती म्हणाली.

"भिंत नव्हतीच असं लिहिलंय, काकू."

काकूने दिराकडे पाहिलं. दीर खाली बघून म्हणाला, "वहिनी, एवढं करा. जागा तुमचीच आहे, शेवटपर्यंत."

काकूने आयुष्यात खोट्या कागदावर सही केली नव्हती. तिला वाटलं, माणसांनी आपल्यासाठी एवढा खर्च केला, आता हात वर करणं बरं नव्हे. तिने सही केली, नक्कल कपाटात ठेवली.

निरीक्षक आला. उंच, सर्दी झालेला, सारखा नाक पुसणारा माणूस. त्याने खिडक्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, मोठ्या खोलीच्या मधोमध उभा राहून छताकडे पाहिलं. तिथे जुन्या भिंतीची एक फिकट रेघ रंगातूनही दिसत होती. त्याने काकूला विचारलं, ही खोली आधीपासून एवढीच मोठी का? काकू हसली आणि म्हणाली, अहो, मी पडदे शिवते, मध्ये भिंत असती तर बारा हात कापड पसरलं कुठे असतं? ती रेघ ओलीची आहे, सहा वर्षं सांगत होते तेव्हा कुठे दुरुस्त झाली. निरीक्षकालाही हसू आलं. त्याने निवेदन घेतलं, चहा घेतला आणि महिन्याभरात खर्च मंजूर झाल्याचं पत्र आलं. दीर स्वतः खाली येऊन काकूच्या पाया पडला. काकूला वाटलं, आज हे पाहायला नवरा असायला हवा होता.

दोन महिन्यांनी तिला दुसरं पत्र आलं. टपालाने, वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर. त्यात लिहिलं होतं की मालकाने जागेत भरीव सुधारणा केल्या आहेत: चार नवीन खिडक्या, संपूर्ण नवीन न्हाणीघर, नवीन वायरिंग, भिंत काढून प्रशस्त दालन. सबब पुढील महिन्यापासून भाडं तिप्पट. खाली सही दिराची होती, पण "सबब" हा शब्द दिराच्या सात पिढ्यांनी वापरला नव्हता. तो कोणाचा हे काकूला कळलं. तरीही तिने ते पत्र तीनदा वाचलं, मधे काही चूक झाली असेल या आशेने.

वर जाऊन विचारलं तर दीर म्हणाला की डॉक्टर एवढं द्यायला तयार आहे, मी काय करू, तुम्हाला जमत असेल तर राहा, नाही कोण म्हणतंय. दार त्याने अर्धंच उघडलं होतं.

काकू भाडे कार्यालयात गेली. तिथल्या खिडकीवरच्या बाईने तिचं सगळं ऐकलं आणि समजावलं की इतकी वर्षं राहिलेल्या भाडेकरूचं भाडं मालकाला असं वाढवता येत नाही, फक्त सुधारणा केली असेल तरच येतं. नुसती दुरुस्ती असेल तर एक पैसा वाढत नाही. दुरुस्तीच होती याचा काही कागद आहे का?

काकू म्हणाली, आहे.

घरी येऊन तिने कपाटातून निवेदनाची नक्कल काढली. सरळ परत कार्यालयात गेली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण तिला पुतणीच्या पाठीमागे काही करणं बरं वाटेना. तिने फोन करून सांगितलं की छकुली, मी उद्या तो कागद तिथे दाखवणार आहे, तुला आधी सांगितलेलं बरं.

अर्ध्या तासात पुतणी हजर झाली. चप्पल न काढता मोठ्या खोलीत आली आणि खुर्चीवर बसली. आधी तिने शांतपणे समजावलं. तो कागद भाडेवाढीच्या पत्राशेजारी ठेवला की दोन्हींतली तफावत दिसणार आणि प्रकरण कर खात्यात पोचणार. बाबांना दंड होईल, ते भरतील, त्यांच्याकडे आहे. पण खोटं निवेदन काकूचं आहे. घराच्या जुन्या नकाशात भिंत आहे, गवंडी साक्षीला आहे. काकूवर खटला होईल.

"लिहिलंस तू," काकू म्हणाली.

"सही तुझी आहे."

काकूने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"होऊ दे खटला. मला दंड करून ते घेणार काय? मशीन? तुरुंगात टाकतील तर तिथे भाडं तरी नाही."

पुतणीने सगळ्या बाजूंनी विचार केला होता, फक्त हीच बाजू राहिली होती. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला कशाची भीती घालायची, हे तिला कोणत्याही पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. ती खुर्चीवरून उठली, काकूच्या पायांशी जमिनीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं.

"माझा परवाना जाईल, काकू," ती म्हणाली. "बाबांचं काही होणार नाही. तुझंही नाही. मीच संपेन. निवेदनाखाली तयार करणारी म्हणून माझं नाव आहे. सोळा वर्षं झाली ते दीड खोलीचं ऑफिस उभं करायला."

ती रडत होती. रडणं खरं होतं. पण रडता रडताही काकूचा हात आपल्या केसांवर कधी येतो इकडे तिचं लक्ष होतं. तो आला. बराच वेळ फिरत राहिला.

"माझी बहीण गेली तेव्हा," काकूने विचारलं, "तुला हे सगळं ठाऊक होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो, काकू."

काकूचा हात थांबला. मग तिने बाजूच्या टेबलावरचा कागद उचलला आणि पुतणीच्या हातात दिला. पुतणीने तो तिथेच दुमडून पर्समध्ये टाकला. डोळे पुसले, उठली. काकूने एकच गोष्ट मागितली, जागा बघायला आणखी एक महिना. पुतणी म्हणाली, बाबांना विचारते. तिने खरंच विचारलं. दीर म्हणाला, डॉक्टरशी करार एक तारखेपासून आहे. तिने तसं फोनवर कळवलं.

काकू तीस तारखेला बाहेर पडली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला वृद्ध बायकांसाठी एक वसतिगृह होतं, तिथे एका खोलीत तिघी राहायच्या. एक खाट नुकतीच रिकामी झाली होती. शिवणयंत्राच्या आवाजाचा इतरांना त्रास होतो म्हणून मशीन आत न्यायला परवानगी नव्हती. गवंड्याने ते आपल्या सुनेसाठी विकत घेतलं. मागितली त्याहून थोडी जास्तच किंमत दिली आणि काकूशी नजर न मिळवता ते उचलून नेलं.

डॉक्टर आला. दिराच्या गोदामाचा कर निम्म्याहून खाली उतरला. पुतणीने वडिलांना या सगळ्या कामाचं बिल लावलं. घरच्या घरात सूट दे, असं ते म्हणाले. तिने दिली नाही. त्याचाही वडिलांना मनातून अभिमानच वाटला, आणि त्यांनी ओळखीतल्या चार घरमालकांना तिचं नाव सांगितलं. ऑफिसला शेजारची आणखी एक खोली जोडून घेता आली.

सहा-सात महिन्यांनी पुतणी वसतिगृहात गेली. फळं घेतली होती, एक गरम शाल घेतली होती. वाटेत तिने ठरवलं होतं की काकू काहीही बोलली, शिव्या दिल्या तरी ऐकून घ्यायचं. दारातून तिला काकू दिसली. खाटेवर बसून शेजारच्या म्हातारीच्या झग्याला हाताने बटण लावत होती. बरीच वाळली होती.

काकूने वर पाहिलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. प्रवास कसा झाला विचारलं. शाल घेऊन घडी न उलगडता उशाशी ठेवली. शिव्या नाहीत, रडणं नाही, बहिणीचं नाव नाही. पुतणी वाट बघत राहिली. शेवटी शेजारच्या म्हातारीलाच राहवेना. तिने कौतुकाने विचारलं, ही कोण, लेक का?

"नाही हो," काकू म्हणाली. "मी आधी जिथे राहत होते ना, त्या घरमालकाची मुलगी."

पुतणीच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिने खाली ठेवला.

म्हातारी म्हणाली, एवढं लांब भेटायला आली म्हणजे माणसं चांगली दिसतात. माझा घरमालक तर नळ गळला तरी सहा-सहा महिने फिरकायचा नाही. तुमचे कसे होते?

काकूने दोरा दातांनी तोडला.

"व्यवहाराला चोख होते," ती म्हणाली, आणि झगा उलटा करून दुसरं बटण बघू लागली.